धुंदलवाडी ते नवापूर : भूमीचे शास्त्र शिकायचे कुठे?

११ नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या सीमेवरची जमीन हलू लागली आणि पुढे कितीतरी महिने ती शांत झाली नाही. धुंदलवाडी, हळदपाडा, चिंचले हा आदिवासी पाड्यांचा मुलूख. धक्के बहुतेक लहान होते, पण पुन्हा पुन्हा येत होते. १ फेब्रुवारी २०१९ ला त्यांतला एक मोठा धक्का बसला आणि घाबरून पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी गेली. भिंतींना तडे गेले, माणसे थंडीच्या दिवसांत तंबूत झोपू लागली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेने परिसरात भूकंपमापक बसवले, दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्रानेही नोंदी ठेवल्या, शास्त्रज्ञांचे निबंध प्रसिद्ध झाले. हजारो बारीक धक्क्यांची ही मालिका अभ्यासकांच्या जगात नावाजली गेली. ज्यांच्या घरांना तडे गेले होते त्यांच्यापर्यंत मात्र त्यातले फार थोडे पोहोचले. पोहोचल्या त्या मोबाइलवरच्या अफवा.

आता जिल्ह्याचे दुसरे टोक, बोईसरची तारापूर एमआयडीसी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ औद्योगिक क्षेत्रांना हवा, पाणी आणि भूजल पाहून शंभरपैकी गुण देते. ७० च्या वर गेले की ते क्षेत्र ‘अतिप्रदूषित’. २०१८ च्या मोजणीत तारापूरला ९३.६९ गुण मिळाले, देशात सर्वांत जास्त. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाची संघटना, नाले आणि खाड्यांच्या दुर्दशेसाठी राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. लवादाने तज्ज्ञांची समिती नेमली. खटल्याचा गाभा होता मोजमाप: कोणत्या नाल्यात किती सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी), कोणत्या विहिरीत काय उतरले आहे, किती वर्षांपासून. ते मोजायला माणसे बाहेरून आली. जवळच्याच नवापूरच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलाला आपल्या खाडीचे पाणी काळे दिसते, त्याचा वास येतो. पण आकडा त्याच्या हातात नसतो, आणि लवादापुढे वास चालत नाही.

पालघर जिल्ह्यात भूशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र शिकण्याची सोय कशी आहे, कशी असायला हवी, आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ नावाची जी छोट्या अभ्यासक्रमांची वाट आपल्याकडे कागदावर आली पण रुजली नाही ती इथे कामाची आहे का, हा या लेखाचा विषय. माझे मत आधीच सांगतो. राज्यात ही वाट कुठे सर्वांत आधी पाडायला हवी असेल तर ती पालघर-बोईसरला.

कारण इथे अभ्यासक्रम जमिनीवरच पसरलेला आहे. जिल्ह्याखालचा खडक म्हणजे दख्खनचा बसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. सह्याद्रीत हे थर आडवे दिसतात, पण किनाऱ्याकडे येताना ते पश्चिमेला कलतात, त्यांना भेगा पडलेल्या आहेत, आणि त्या भेगांतून नंतर घुसलेला लाव्हा उभ्या भिंतींसारखा गोठला आहे. डहाणूजवळच्या महालक्ष्मीचा सुळका लांबून सगळ्यांनी पाहिलेला असतो, यात्रेला जाणारी लाखो माणसे त्याला हात जोडतात. कोहोज, अशेरी, तांदूळवाडी, काळदुर्ग हे किल्ले याच खडकांचे. मुंबई-अहमदाबाद रस्त्यावरच्या सातिवलीला, तसेच हालोली आणि कोकनेरला गरम पाण्याची कुंडे आहेत. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे याच साखळीतली. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. पावसाळ्यात झिरपणारे असेच पाणी खोलवर दाब वाढवून धुंदलवाडीचे बारीक भूकंप घडवते का, हा प्रश्न अभ्यासकांनी हाताळला आहे. जुन्या ठाणे जिल्ह्याला ही गोष्ट नवी नव्हती. १९८३ मध्ये भातसा धरणाच्या परिसरातही अशीच धक्क्यांची मालिका झाली होती. कुंडे आणि भूकंप एका कागदावर मांडून दाखवले तर दहावीच्या मुलालाही प्रश्न पडू लागतील. इतके चांगले उदाहरण घराजवळ असणे ही भाग्याची गोष्ट आहे, आणि ते वाया जाते आहे.

समुद्राकडे वळलो की आणखी वेगळा वर्ग. सातपाटीच्या मच्छीमाराला उधाणाची आणि भांगाची भरती शिकवावी लागत नाही, त्याची डोल जाळी भरती-ओहोटीच्या ओढीवरच चालतात. सप्टेंबर २०२३ मध्ये ज्या रुपेरी पापलेटला राज्य माशाचा मान मिळाला, त्याच्यासाठी सातपाटीचे नाव आधीपासून आहे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाढवणच्या खडकाळ पट्ट्यावर बाया कालवे काढतात, शिंपल्या वेचतात. त्याच वाढवणला ७६,२२० कोटींच्या बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पालघरला भूमिपूजन झाले. समुद्रात भराव घालून १,४०० हेक्टरहून अधिक जमीन तयार होणार आहे. गाळ कुठे वळेल, लाटांचा मारा कुठल्या गावाकडे सरकेल, खडकांवरच्या जीवांचे काय होईल, हे सगळे किनारी भूशास्त्राचे प्रश्न आहेत. बंदराच्या बाजूचा असो की विरोधातला, ‘आधी किनारा असा होता’ हे सांगणारी स्थानिक नोंद दोघांनाही लागणार आहे.

आणि पर्यावरणाच्या कायद्याचा इतिहास तर इथेच घडला. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी त्याचे अध्यक्षपद दोन दशकांहून अधिक काळ सांभाळले. डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राच्या धुरातला गंधक पकडणारी यंत्रणा बसली ती या प्राधिकरणाने पाठ सोडली नाही म्हणून. वाढवण बंदराला याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये नकार दिला होता आणि जुलै २०२३ मध्ये परवानगी दिली. दोन निर्णय, मधली पंचवीस वर्षे, तोच किनारा. कायद्याच्या आणि पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्याला एका सत्राच्या अभ्यासाला पुरेल एवढी सामग्री या दोन आदेशांत आहे. पण डहाणूच्याच किती मुलांना आपल्या तालुक्याला असे प्राधिकरण आहे हे ठाऊक असते, हा प्रश्न कुठल्याही वर्गात विचारून पाहावा.

तारापूरचे अणुवीज केंद्र ऑक्टोबर १९६९ पासून चालते आहे, देशातले पहिले. त्याच्या सोबत भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळाही आहे. आजूबाजूच्या गावांतले पाणी, मासे, दूध, भाजीपाला यांचे नमुने ती तपासते. म्हणजे पर्यावरणाची नियमित, वर्षानुवर्षे चालणारी मोजणी काय असते याचा नमुना बोईसरपासून हाकेच्या अंतरावर आहे.

आता शाळा-कॉलेजांत काय चालते ते पाहू. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरणशिक्षण सक्तीचे करायला सांगितले, २००३ मध्ये पुन्हा खडसावले, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला. पुण्याच्या डॉ. एरक भरूचा यांनी त्याचे पाठ्यपुस्तक लिहिले. शाळेत नववी-दहावीला जलसुरक्षा आली, अकरावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा. कागदावर काहीच कमी नाही. आयोगाच्या त्या अभ्यासक्रमाचा शेवटचा घटक तर क्षेत्रभेटीचाच होता आणि त्यात परिसरातले एखादे प्रदूषित ठिकाण पाहून या असे स्पष्ट म्हटले होते. बोईसरच्या विद्यार्थ्याला त्यासाठी बस करायची गरज नाही, कॉलेजातून घरी जाताना तो नाला लागतो. प्रत्यक्षात मुले बाजारात मिळणारा तयार प्रकल्प उतरवून काढतात, चित्रे चिकटवतात, गुण मिळवतात. दोष मुलांचा नाही. पर्यावरण हा विषय ज्यांना शिकवायला मिळतो त्या शिक्षकांना बहुधा तो वरचा बोजा म्हणून मिळतो, आणि प्रयोगशाळा मिळत नाही.

भूशास्त्राची स्थिती आणखी बिकट. बारावीच्या बोर्डाच्या यादीत हा विषय आहे. पण भूशास्त्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईचे सेंट झेवियर्स, पुण्याचे फर्ग्युसन आणि विद्यापीठ, पवईची आयआयटी हीच नावे येतात. पालघरला सोनोपंत दांडेकर महाविद्यालय आहे, चिंचणीला पी. एल. श्रॉफ, बोर्डीला एन. बी. मेहता विज्ञान महाविद्यालय, जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज. याच संस्थांनी किनाऱ्यावरच्या आणि डोंगरातल्या मुलांना पदवीपर्यंत नेले, आणि त्यांचे ऋण मोठे आहे. तिथून शिकलेला रसायनशास्त्राचा पदवीधर एमआयडीसीत गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये लागतो, हा ठरलेला रस्ता. खडक, भूजल, भूकंप, किनारा शिकायचा असेल तर मुंबई गाठायची. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत धावते हे खरे, पण पालघर ते चर्चगेट जवळपास दोन तास एका बाजूचे. मोखाड्याच्या मुलीला आधी पालघर गाठायचे असते.

कम्युनिटी कॉलेजची कल्पना इथे लागू पडते. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी १९०१ मध्ये असे पहिले सरकारी कॉलेज निघाले. दोन वर्षांचे शिक्षण, फी कमी, घरून येऊन-जाऊन शिकता येईल असे, आणि पुढे विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला शिरण्याची सोय. तिथे भूशास्त्राची पहिली ओळख अनेकांना अशाच कॉलेजात होते, आणि गावाजवळची नदी किंवा खाण हीच त्यांची प्रयोगशाळा असते. आपल्याकडे १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठाने सुरुवात केली, मग मद्रासमध्ये प्रयोग झाला, इग्नूने काही वर्षे योजना चालवली, आणि २०१३ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने चालू महाविद्यालयांतच कम्युनिटी कॉलेज काढायची योजना आणली. प्रमाणपत्र, पदविका, उच्च पदविका अशा पायऱ्या, सोबत एखादा उद्योग भागीदार. अभ्यासक्रम निघाले ते बहुतेक हॉटेल, किरकोळ विक्री, मोटार दुरुस्ती, संगणक यांचे. विज्ञानाची, त्यातही भूमीच्या विज्ञानाची पदविका हा विचार मागे पडला. योजनेच्या चौकटीत त्याला मनाई नव्हती, मागणारे कोणी नव्हते.

महाराष्ट्रात हे होऊ शकते याचे पुरावे मात्र आहेत. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेल्या मुलांच्या हातात तिथे वेल्डिंग आणि शेतीबरोबर जमिनीचा विद्युतरोध मोजून भूजल शोधण्याचे तंत्रही दिले गेले. जमिनीत चार सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची, आतल्या दोहोंत किती दाब येतो ते पाहायचे. सळयांचे अंतर वाढवत गेले की खालच्या थरांची कल्पना येऊ लागते. दहावी नापास मुलगा हे करू शकतो हे कलबागांनी दाखवून दिले, आणि भूशास्त्र पदवीधरांचीच मिरास आहे हा समज तिथेच मोडायला हवा होता. पुण्याच्या अ‍ॅक्वाडॅम संस्थेनेही गावातल्या तरुणांना विहिरीतले खडक वाचायला आणि पाण्याची पातळी नोंदवायला शिकवले. आणि पालघरचा स्वतःचा वारसा यांहूनही जुना आहे. १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खडे, पाने, शिंपले हीच साधने धरून आदिवासी मुलांना शिकवले, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे जाईल, हे त्यांनी कृतीने सांगितले. त्याच कोसबाडला कृषी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रही आहे. बालवाडीच्या वयात जे या जिल्ह्याने देशाला दिले, ते अठराव्या वर्षी का देता येऊ नये?

मग दोन वर्षांच्या पदविकेत शिकवायचे काय? माझ्या मते मोजणे. सिद्धांत येईल, पण मोजण्याच्या मागून.

पहिला प्रयोग भूकंपाचा. धक्का बसला की दोन लहरी निघतात, एक वेगवान, दुसरी तिच्यामागून. भूकंपमापकाच्या आलेखावर दोन्हींच्या येण्यातला वेळ मोजायचा. एका सेकंदाचा फरक म्हणजे साधारण आठ किलोमीटर अंतर. तीन ठिकाणांचे आलेख घेऊन नकाशावर कंपासने तीन वर्तुळे काढली की ती जिथे एकत्र येतात त्याच्या आसपास केंद्र. अकरावीचे गणित याला पुरते. ज्या मुलीने २०१९ ची थंडी तंबूत काढली, तिने स्वतः काढलेली ही तीन वर्तुळे कुठल्याही शासकीय पत्रकापेक्षा तिच्या पाड्याला जास्त पटतील.

दुसरा प्रयोग पाण्यातल्या ऑक्सिजनचा. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली नाल्यात बुडवून, एकही बुडबुडा न राहू देता भरायची. तिथल्या तिथे मँगेनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घालायचे. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढराच राहतो. निकालाचा अर्धा भाग नाल्याच्या काठावरच कळतो. प्रयोगशाळेत आम्ल घातले की साका विरघळून पाणी पिवळे होते. त्यातले दोनशे मिलिलिटर घेऊन ब्युरेटमधून थायोसल्फेट थेंबथेंब सोडायचे, रंग फिका झाला की स्टार्च घालायचा, निळा झालेला रंग उडेपर्यंत पुन्हा थेंब. द्रावणाची तीव्रता ठरलेली असेल तर जितके मिलिलिटर लागले तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन प्रतिलिटर. तशीच दुसरी बाटली भरून सत्तावीस अंशांवर तीन दिवस ठेवली आणि मग तिच्यातला ऑक्सिजन मोजला की दोन आकड्यांतला फरक म्हणजे बीओडी, पाण्यातले जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्याचे माप. कारखान्यातला केमिस्ट हे रोज करतो. नवापूरची मुलगीही करू शकते, आणि तिने ते खाडीत उधाणाला आणि भांगाला, पावसाळ्यात आणि मेमध्ये, त्याच जागी, पाच वर्षे केले तर जिल्ह्याकडे जी नोंद तयार होईल ती आज सहजासहजी सापडत नाही.

विहिरींचेही तेच. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्या विहिरी थोड्या, गावे पुष्कळ. जिल्ह्यातल्या सूर्या प्रकल्पाचे पाणी वसई-विरारकडे जाते, आणि जव्हार-मोखाड्यात पाऊस धो धो पडूनही उन्हाळ्यात टँकर येतात. बसाल्ट पाणी कुठे धरतो, कुठे सोडतो, हे तिथल्या मुलांना झऱ्याझऱ्यावर उभे राहून शिकता येईल.

पोटाचा प्रश्न बाजूला ठेवून असल्या अभ्यासक्रमाबद्दल बोलणे अप्रामाणिक होईल. आईबापांचा पहिला प्रश्न नोकरीचाच असतो आणि तो रास्त आहे. तारापुरात सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, मोठ्या कारखान्यांचे स्वतःचे ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे संच, आहेत, प्रदूषण नियंत्रण मंडळाची दोन उपप्रादेशिक कार्यालये आहेत, खासगी तपासणी प्रयोगशाळा आहेत. बंदर, रेल्वे, महामार्ग यांच्या प्रत्येक प्रकल्पाला पर्यावरण आराखडा आणि देखरेख लागते. ईटीपी चालवणारा माणूस बहुतेक ठिकाणी कंत्राटी हेल्परमधून वर आलेला असतो. तो हुशार असतो, पण वायुवीजन बंद पडल्यावर टाकीतले जिवाणू का मरतात हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आयटीआयचे केमिकल प्लांटचे ट्रेड आहेत, ते कारखान्याच्या भिंतीआड थांबतात. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१७ मध्ये हरित कौशल्य कार्यक्रम काढला, त्यात प्रदूषण मोजणीपासून प्रक्रिया केंद्र चालवण्यापर्यंतचे छोटे अभ्यासक्रम होते. त्यांना कॉलेजचा पाया मिळाला असता तर ते टिकले असते असे मला वाटते.

सर्वांत अवघड गाठ पुढे आहे. कम्युनिटी कॉलेजला उद्योग भागीदार लागतो. बोईसरमध्ये भागीदार म्हणजे तोच कारखानदार, ज्याच्या सांडपाण्याचा नमुना विद्यार्थी घेणार. पैसे त्याचे, प्रशिक्षणाची जागा त्याची, नोकरी त्याची. अशा वेळी खाडीचा आकडा वाईट आला तर कॉलेज तो फलकावर लावेल का? मी उद्योगाला बाहेर ठेवा म्हणणार नाही, कारण त्याच्या ईटीपीत उभे राहिल्याशिवाय हे शिक्षण अपुरे आहे. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतील. कारखान्याच्या आतले काम हे प्रशिक्षण, त्याचे आकडे कारखान्याचे. सार्वजनिक नाला, खाडी, विहीर, हवा यांचे आकडे कॉलेजचे, म्हणजे लोकांचे. ते दर महिन्याला ग्रामपंचायतीत लागलेच पाहिजेत, ही अट करारात पहिल्या पानावर असावी. ती मान्य नसलेला भागीदार नको. त्याच्याशिवाय चालवायचे झाले तर जिल्हा खनिज निधीसारख्या मार्गांनी, अणुवीज केंद्राच्या सामाजिक निधीतून किंवा आदिवासी विकास विभागाकडून पैसा उभा करावा लागेल, वेळ लागेल, पण ते पत्करावे.

भाषेचाही विचार हवा. वारली, कोकणा, मांगेला, वाडवळ घरांतून येणाऱ्या मुलांना हे शिक्षण मराठीत मिळायला हवे, प्रयोगवहीसुद्धा मराठीतच लिहू द्यावी. अहवाल इंग्रजीत लिहायला दुसऱ्या वर्षी शिकवावे, कारण मंडळ आणि लवाद इंग्रजीत चालतात. आणि पदविकेनंतर वाट बंद होता कामा नये. दोन वर्षांचे श्रेयांक धरून मुंबई विद्यापीठाच्या किंवा पुण्याच्या पदवीत थेट प्रवेश मिळायलाच हवा, नाहीतर ही गरिबांच्या मुलांसाठीची दुय्यम शाळा होईल.

यासाठी नवे कॉलेज बांधायची वाट पाहायची गरज नाही. नव्या शैक्षणिक धोरणाची चौकट राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. त्यात क्षेत्र प्रकल्प आहे, समाजसहभागाचे काम आहे, ऑन जॉब ट्रेनिंग आहे, आणि या तिन्हींना श्रेयांक आहेत. आज ते श्रेयांक बहुतेक ठिकाणी एखादी रॅली, एखादी सर्वेक्षणाची वही यांत संपतात. पालघर, चिंचणी, बोर्डी आणि जव्हार या चार कॉलेजांनी आपसात ठरवून ते एका कामाला लावले, तर बोर्डी-डहाणूकडे भूकंपाचे आणि किनाऱ्याचे, चिंचणी-बोईसरकडे खाडी आणि हवेचे, जव्हारकडे झऱ्यांचे, पालघरकडे सगळ्या नोंदी जपण्याचे, अशी वाटणी होऊ शकते. सुरुवातीला शिकवू शकतील असे अणुवीज केंद्रातले आणि प्रदूषण मंडळातले निवृत्त तंत्रज्ञ याच परिसरात राहतात. भूशास्त्राचा एक पूर्णवेळ प्राध्यापक मात्र नेमावाच लागेल, आणि चार कॉलेजांत मिळून ते एक पद मंजूर करून घेणे हे या सगळ्यातले पहिले काम आहे.